जनाना डब्याची तिकीटबाई

सन १९३८, पौष शुद्ध ५. वसमत.

हे आज काठी टेकत फलाटापर्यंत जाऊन आले. आले ते धुसफुसतच. ह्यांच्या जागी जो नवा टी.सी. आलाय, तो डब्यांच्या बाहेरच्या फळीवरून जाताना दोन्ही हातांनी दांडी धरतो म्हणे. "दोन्ही हात दांडीला, मग तिकीट काय दातांनी बघतो?" मी म्हटलं, तुम्ही एका हाताने धरत होतात म्हणूनच ही काठी आली. बोलून गेले नि जीभ चावली. दिवाळीनंतरची गोष्ट. चोंडीच्या अलीकडे चालत्या गाडीच्या फळीवरून ह्यांचा पाय निसटला. गुडघा आता वाकत नाही. नोकरी अजून कागदावर आहे, पण किती दिवस ते...

पण हसले. पडल्यापासून पहिल्यांदाच.

पौष वद्य २.

स्टेशनमास्तर घरी आले. (पुढे मास्तरसाहेबांना मा.सा. लिहीन, शाई फुकट येत नाही.) ओट्यावर बसून चहा घेतला. महाशिवरात्र जवळ आली, औंढ्याच्या जत्रेची सगळी माणसं चोंडी स्टेशनात उतरणार. मा.सा. म्हणाले, "जनाने डब्बे में मर्द टी.सी. जा नै सकता. दरवाजे पे पूछो तो एक मरद बोलता, पिच्छू की सब बायकां मेरीच. देखे तो आधी जत्रा उसकीच बायकां!" मला हसू आवरेना. मग म्हणाले, जत्रेपुरती लिहितावाचता येणारी एक बाई ठेवायला पूर्ण्याच्या साहेबाने मंजुरी दिली आहे. आणि माझ्याकडे बघत राहिले.

माझ्या वडिलांची शिरड शहापूरला गावठी शाळा होती, तिथे मी मुलांच्या ओळीत बसून शिकले. उर्दू आकडे नि अक्षरं ह्यांनी शिकवली. स्टेशनाच्या आवारात दुसरी अशी बाई कोण?

मा.सा. गेल्यावर हे म्हणाले, "तिकीट बघणं म्हणजे कोथिंबीर निवडणं नव्हे."
"कोथिंबीर तरी तुम्हाला कुठे निवडता येते?"

माघ शुद्ध ७.

शिकवणी सुरू आहे. आधी तिकीट बघायचं, मग तोंड. तोंड आधी बघितलं की दया येते. तारखेचा ठसा डोळ्याने नाही, अंगठ्याने बघायचा, उमटलेला असतो. भोक पाडायचा चिमटा कडेला मारायचा, आकड्यावर नाही. मी जुने पुठ्ठे कातरून घरभर तुकडे केले. ह्यांनी आपला चिमटा दिला खरा, पण देताना दोनदा परत घेतला.

माघ वद्य १२. चोंडी.

पहिला दिवस. लुगड्याच्या खांद्यावर पितळी बिल्ला लावला. त्याचं वजन काहीच नाही, तरी मान आपोआप ताठ झाली. गर्दीसाठी मा.सा.ही वसमतहून इथे आले आहेत, त्यांनी ह्यांना स्टेशनाच्या दरवाज्यापाशी स्टूल टाकून बसवलं आहे. तेवढंच काम जत्रेपुरतं.

जनाना डब्यात चढले नि म्हटलं, तिकीट. सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. एक म्हातारी म्हणाली, "तिकीट मालकापाशी हाय की. आमाला काय करायचं त्याचं?" दुसरी म्हणाली दिराकडे. तिसरी म्हणाली भाऊ पुढच्या डब्यात आहे, निळ्या फेट्याचा. पुढच्या डब्यात निळे फेटे पाच.

एका माणसाने हातात तिकिटांचा पंखा धरला होता. म्हणे, मागच्या सगळ्या माझ्या. मी बायकांना म्हटलं, यांच्यासोबत आलेल्या पुढे व्हा. तिघीच पुढे आल्या. बाकीच्या म्हणाल्या, "ह्या बाबाला आमी वळखत बी न्हाई." फलाट हसला. पंख्यातली बहुतेक तिकिटं जुन्या तारखेची निघाली, त्या माणसाला दंडाची पावती फाडून दिली.

माघ वद्य ३०. घरी.

पाय सुजले आहेत. पण लिहिते. पावतीवर बाईच्या नावाखाली नवऱ्याचं नाव लागतं, आणि बाई काही नाव घेत नाही. "शेवंताचा बाप" म्हणते. वसमतची एक मुसलमान बाई म्हणाली, "मुन्नी के अब्बा." ते पावतीवर कसं लिहू? गाडी शिट्टी देते आहे, मागे रांग. मग सुचलं. म्हटलं, उखाण्यात घ्या, उखाण्यात दोष नाही. एक पोक्त बाई, पदर सारखा करून, लाजत:

"औंढ्याच्या देवळाला दगडाचे हत्ती,
गणपतरावांचं नाव देते तिकीटबाईच्या हाती."

अख्खा डबा टाळ्या पिटत होता. दंड भरताना एवढी हसणारी माणसं मी बघितली नव्हती. हे म्हणाले, माझ्या साऱ्या नोकरीत माझ्यापुढे कुणी उखाणा घेतला नाही.

मीही ह्यांचं नाव इथे लिहीत नाही. मग त्या बायकांना काय म्हणायचं.

सन १९३९, पौष शुद्ध ११.

यंदाही जत्रेला बोलावणं आलं. पूर्ण्याचे इन्स्पेक्टर येऊन गेले. लांब कोट, बोलणं तोडून तोडून. म्हणाले, गेल्या वर्षी काम बरं झालं, यंदा चांगलं झालं तर बारमाही जागेचा विचार होईल. नाही झालं तर बाई ठेवण्याचा प्रयोग बंद.

ह्यांची कागदावरची नोकरीही आता संपत आली आहे. दारावर बसवायला बारा महिने जत्रा नसते. घर चालायचं तर ती जागा मला मिळाली पाहिजे. खोटं कशाला लिहू, घर चाललं असतं तरी ती मला हवीच आहे.

माघ शुद्ध १५.

मा.सा.ना एक गोष्ट सुचवली. खिडकीवर तिकिटं पुरुषांनी काढावीत, पण जनाना डब्यात चढताना ज्या बाईचं तिकीट तिच्या हातात असेल तीच चढेल. म्हणजे पंखे बंद, निळे फेटे बंद. मा.सा. दाढी खाजवत म्हणाले, "झगडे होंगे, बाई." मी म्हटलं, होऊ द्या. "हौ, तो करो," म्हणाले.

माघ वद्य १२. वसमत फलाट.

झगडे झालेच. कुरुंद्याचा एक गडी: "बायांच्या हाती तिकीट दिलं तं हरवून टाकतीन की!"
मी: "लेकरू देता ना हातात? ते हरवतं का?"
त्याच्या मागची बायको पदरात तोंड घालून हसली. नाव चंद्रभागा. हातात तिकीट पडलं तसं तिने ते उलटंपालटं करून बघितलं, वास घेतला. म्हणाली, "बाई, हे मपलं का?" म्हटलं, तुमचंच. जातायेताचं आहे, परत घरी येईपर्यंत जपा. तिने मूठ मिटली ती गाडी सुटेपर्यंत उघडली नाही.

सगळ्या बायकांनी हात वर करून तिकिटं दाखवली. जनाना डब्याच्या खिडक्यांतून नुसते पुठ्ठे. इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून उगीचच एकीवर ओरडले.

माघ वद्य ३०. चोंडी, मग रात्री घरी.

आजचं नीट लिहिते.

सकाळी परतीची गर्दी. इन्स्पेक्टर स्वतः दारावर उभे. कुरुंद्याच्या दहाबारा जणी आल्या. म्हटलं, तिकिटं. त्यांनी एकमेकींकडे बघितलं. पुरुषांपाशी आपापली होती. बायकांपैकी एकीकडेही नाही.

"हरवली?"
"न्हाई माय. वाहिली."
"काय केली?"
"नागनाथाला वाहिली. बेलासंगं."

मला आधी समजलंच नाही. जमिनीखालच्या गाभाऱ्यात सरपटत उतरल्या, पिंडीवर बेल ठेवला आणि वर परतीचं तिकीट. एकीने ठेवलं ते बघून सगळ्यांनी. इन्स्पेक्टर म्हणाले, ह्या बायका वेड्या आहेत का? मी चंद्रभागेला विचारलं, काहून केलं गं असं?

ती म्हणाली, "बाई, नारळ सासूच्या पिशवीत, पैसे मालकाच्या कनवटीला. देवाला द्यावं असं आमच्या हातचं दुसरं काय व्हतं? तेवढंच एक आमचं. तुमीच म्हनल्या ना, तुमचं हाय म्हणून."

 अजून तिथेच तिच्यासमोर उभी आहे असं वाटतं.

पुरुष तापले. चंद्रभागेच्या नवऱ्याने तिच्यावर हात उगारला, ह्यांनी स्टुलावरूनच काठी आडवी घातली. इन्स्पेक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा. हे तुमच्या नियमाचं फळ. दुप्पट घ्या सगळ्यांकडून, आणि पुढच्या वर्षीपासून तिकिटं पुरुषांकडे. तुमच्या जागेचंही मी काय ते कळवतो."

म्हणजे गेलीच ती. माझी तर गेलीच, पण त्या बायकांच्या हातचं तिकीटही गेलं. पुढच्या जत्रेपासून पुन्हा "मागच्या सगळ्या माझ्या."

म्हटलं, साहेब, तिकिटं हरवलेली नाहीत. कुठे आहेत ते आपल्याला माहीत आहे. तिकीट आजपर्यंत चालतं, संध्याकाळची गाडीही आजचीच. तोवर ह्या बायकांना फलाटावर बसू द्या.
"आणि आणणार कोण?"

हे उठले. वाकत नसलेला पाय ओढत जत्रेच्या मोटारीत ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले. मला विचारलंही नाही. ह्यांनी वर्षभर कोथिंबिरीवरून टोमणे मारले आणि आज...

बायका दिवसभर फलाटाच्या लिंबाखाली बसल्या. कुणी जेवेना. मी बिल्ला काढून ठेवला होता, मा.सा.नी तो उचलून परत माझ्या हातात दिला. "अभी श्याम नै हुई."

मोटार आली ती गाडीच्या पाठोपाठच. ह्यांच्या धोतराला गुलाल, बुक्का, काय काय लागलेलं. पंच्यात बांधलेली ओली तिकिटं नि बेलाची पानं. पाय वाकत नाही म्हणून गाभाऱ्याच्या त्या अरुंद वाटेतून बसूनच घसरत उतरले म्हणे. गुरवाने विचारलं, देवाला वाहिलेलं मागायला आलात? हे म्हणाले, "मागायला नाही, प्रसाद घ्यायला आलो." मग गुरवानेच बेलाच्या ढिगात हात घातला. सगळी निघाली. दोन जास्तच निघाली, ती कुणाची ते अजून कळलेलं नाही.

इन्स्पेक्टरांनी एकेक तिकीट उजेडात धरलं. दह्याने चिकट झालेलं, पण आकडा वाचता येत होता. ठशावरून मी अंगठा फिरवून दाखवला, तारीख बरोबर. एकाला बेलाचं पान चिकटलं होतं. त्यांनी ते सोडवलं, टाकायला हात नेला, मग कोटाच्या खिशात ठेवलं. म्हणाले, "चढू द्या."

वसमतला उतरताना नवीनच तंटा. तिकीट दारावर जमा करायचं असतं, तर बायका देईनात. "आता परसाद कसा देऊ, बाई?" शेवटी म्हटलं, पान तुमचं, पुठ्ठा सरकारचा. पानं घेऊन गेल्या. चंद्रभागेच्या नवऱ्याने जाताना मान खाली घालून ह्यांना राम राम केला.

आज ह्यांच्या पायाला तेल लावताना काहीच बोलता आलं नाही. इतका अभिमान मला माणसाचा कधी वाटला नव्हता. सांगायला हवं होतं, म्हणून इथे लिहिते.

चैत्र वद्य ४. पूर्णा.

मोठ्या साहेबापुढे मुलाखत. उर्दू वाचून दाखवलं, मराठी लिहून दाखवलं. मग साहेबाने विचारलं, नवऱ्याचं नाव?

 किती बायकांच्या तोंडून मी नवऱ्याची नावं वदवली आणि आता माझाच... मा.सा. सोबत आले होते. ते सांगायला पुढे झाले, तर साहेब म्हणाला, बाईंना सांगू द्या. उखाणा जुळवायला लागले तर एकही शब्द सापडेना. मग सरळ घेतलं. नाव, बापाचं नाव, आडनाव, एका दमात. छप्पर कोसळलं नाही.

घरी येऊन ह्यांना सांगितलं.
"उखाण्यात?"
"नाही. सरळ."
ह्यांनी विडा लावायला घेतला. मग म्हणाले, "कसं वाटलं ऐकायला?"
म्हटलं, चांगलं आहे नाव. वापरायला हरकत नाही.

ता. १ जून १९३९.

जागा मिळाली. आता तारीखही रेल्वेचीच लिहीत जाईन. पूर्णा ते हिंगोली, जनाना डबे. हुकमात शेवटी शब्द आहेत, "पुढील हुकुमापर्यंत." मा.सा. म्हणाले, सबका ऐसाच लिखते. ह्यांच्या हुकमात तसं नव्हतं, मी काढून बघितला.

ता. ९ ऑक्टोबर १९४२.

लढाईमुळे गाड्या कमी झाल्या, माणसं तेवढीच. फळीवर आता टी.सी. नाही, उतारूच लोंबकळतात. ह्यांना ऐकवत नाही. "फळी टी.सी.ची असते," म्हणतात. आता तपासणीची नवी तऱ्हा म्हणजे धाड. मध्येच गाडी थांबवायची, दोन्ही बाजूंनी शिपाई, नि सगळे डबे एकदम. आज चोंडीच्या पुढे अशी धाड पडली. पुरुष कापसाच्या शेतातून पळत सुटले, एकाचा फेटा बाभळीला. साहेब माझ्या डब्यापाशी येऊन विचारतो, तुमचे किती? म्हटलं, माझ्याकडे सगळ्या तिकिटावर. खोटं वाटलं त्याला. बायकांनी खिडकीतून हात काढून दाखवले. तो शिपायाला म्हणाला, "मर्दों से तो येईच अच्छे."

हे घरी हसून हसून खोकले. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदाही सांगायला लावलं.

ता. ३ फेब्रुवारी १९४६.

जत्रेची तयारी बघायला नवा टी.सी. सोबत होता. जनाना डब्यातली एक नवी सून सासूला सांगत होती, "आत्याबाई, तिकीट हातात धरा, बाई आल्या." सासू म्हणाली, "मला शिकवती व्हय? मी बाईच्या पयल्या सालची हाय." पहिल्या सालची! जसं काही शाळेचं नाव. त्या टी.सी.ला काय कळणार. मला मात्र हिंगोली येईपर्यंत त्यावरच बरं वाटत होतं.

यंदाही हुकूम तोच. पुढील हुकुमापर्यंत.

ता. ११ ऑगस्ट १९४८.

दिवस वाईट आहेत. गाडीत माणसं बोलत नाहीत. आज हिंगोलीला बंदुका खांद्याला लावलेली माणसं फलाटावर आली, जनाना डबा उघडा म्हणाली, आत कुणाला लपवलंय बघायचंय. मी दारात उभी राहिले.  म्हटलं, ह्या डब्यात पुरुष जात नाही, सरकारचाच नियम आहे. आत काय आहे ते मी सांगते. बायका आहेत, लेकरं आहेत, आणि सगळ्यांपाशी तिकीट आहे. तुमच्यापाशी आहे का?

हे शेवटचं वाक्य काहून बोलले देव जाणे. मा.सा. कामासाठी माझ्याच गाडीने हिंगोलीला आले होते, ते धावत आले, त्या माणसांच्या खांद्यावर हात टाकून चहाला घेऊन गेले. गाडी सुटल्यावर खाली बसले ती वसमतलाच उठले.

ता. २२ सप्टेंबर १९४८.

फौज आली. राज्य बदललं. गाडी बंद. बाजारात नारे, पेढे. पण मा.सा. मुसलमान, घराबाहेर पडत नाहीत. दुपारी एक टोळकं आवारात आलं, मास्तर कुठाय म्हणत. मी त्यांच्या बायकोला नि सुनेला आमच्या स्वयंपाकघरात आणून बसवलं होतं. हे दारात. काठी मांडीवर. म्हणाले, "मास्तर आमचा आहे. काम काय ते मला सांगा." ते लोक ह्यांना ओळखत होते. थोडं बडबडले, गेले.

मा.सा.ची बायको माझ्या चुलीपाशी बसून लसूण सोलत होती. सोलून संपली तरी सोलतच होती.

ता. १९ ऑक्टोबर १९४८.

गाडी सुरू. मा.सा. जागेवर. नवे अधिकारी येऊन सगळ्या स्टेशनांची पाहणी करून राहिले आहेत. आज माझी पाळी. तरुण माणूस, चांगलं बोलतो. म्हणाला, "जनाना डब्याला वेगळी बाई ही जुन्या राज्याची पद्धत. आता एकच माणूस सगळी गाडी तपासेल. तुमची जागा ठेवायची की नाही ते वर कळवू."

म्हटलं, "एकच माणूस ठेवायचा असेल तर तो मी का नको?"

तो हसला. मग माझं तोंड बघून हसायचं थांबला. म्हणाला, तसं लिहून द्या. तिथेच उभ्यानं लिहून दिलं. जनाना हा शब्द घातलाच नाही. लिहिलं, पूर्णा ते हिंगोली, सर्व डबे, आणि खाली सही.

घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, पुरुष ऐकतील का तुझं? म्हटलं, तुम्ही ऐकता की. म्हणाले, "मला कुठे उतरायला स्टेशन आहे?"

ता. ८ नोव्हेंबर १९४८.

हुकूम नाही. नवा टी.सी. बदलून गेला, त्याच्या जागी कोणी आलेलं नाही. रोज मा.सा.च्या खोलीत डोकावते. ते मान हलवतात.

ता. १४ नोव्हेंबर १९४८.

सकाळची हिंगोली गाडी. टी.सी. नाही. मा.सा. फलाटावर येऊन म्हणाले, "बाई, आज पूरी गाडी देख लो." मी विचारलं, हुकूम आला? म्हणाले, "हुकूम नै आया. गाडी आई."

जनाना डबा आधी केला, नेहमीसारखा. चोंडीला उतरून पुढच्या डब्याच्या पायरीवर पाय ठेवला. आत बिड्यांचा धूर, फेटे, टोप्या, मांडीवर पोती. मी दिसताच एकाने बिडी लपवली, जसं मी त्याची आईच. म्हटलं, तिकीट. आवाज माझाच वाटला नाही, बारीक आला. पुन्हा म्हटलं. तेव्हा बराबर आला.

पहिल्याने दिलं. दुसऱ्याने दिलं. अंगठा ठशावर, चिमटा कडेला. एक म्हातारा म्हणाला, "बाईमाणूस हाय, पण हात तयार हाय." चिमट्याचा टक् टक् आवाज तेवढाच. मान खाली घालून काम करत होते, वर बघितलं असतं तर हसूच आलं असतं, इतका आनंद झाला होता.

मग खिडकीपाशी शिरड शहापूरचा एक गडी. चांगला धिप्पाड, मिशा. तिकीट म्हटलं तर खिसे चाचपले, पागोटं चाचपलं, मग कसंनुसं तोंड करून म्हणाला, "तिकीट मालकिणीपाशी हाय, बाई. जनान्यात. दोघांची तिनंच ठिवली."

सगळा डबा त्याच्याकडे बघायला लागला.

म्हटलं, तिकीट ज्याचं त्याच्या हातात पाहिजे. जा, घेऊन या. गाडी उभी आहे तोवर.

तो उतरला, जनाना डब्याच्या खिडकीपाशी गेला. मी दारातून बघत होते. तो हात पुढे करून काहीतरी बोलला. बायकोने पदराची गाठ घट्ट धरली आणि त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत ओरडली, "बाई, देऊ का ह्यांच्याजवळ? हरवतीन!"

मी मान डोलावली. दे म्हटलं.

हिंगोलीला उतरून स्टेशनात विचारलं. हुकूम अजून नाही. संध्याकाळच्या परतीच्या गाडीलाही टी.सी. नाही, म्हणून मी जनान्याऐवजी सगळ्यात पुढच्या डब्यापासून सुरुवात केली.